बिबट्याकडे बिबट्या नव्हता

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका मुलांनो, नाहीतर तुमचे आईबाबा रविवारी चिवड्याच्या पुड्या घेऊन तिथं पोचतील) एक बिबट्याची पोर राहायची. तिचं नाव ठिपकी. बिबट्याच्या पोरीला ठिपकी म्हणण्यात काही मोठी कल्पकता नाही, हे मलाही कळतं. पण नाव तिच्या आईनं ठेवलं होतं, आणि तिच्या आईशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

आईचं नाव करडी. करडी आता म्हातारी झाली होती. दात झिजले होते, उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं. नदीकाठी एक कडा होता, कड्यात गार घळ होती आणि घळीत बारमाही झरा होता. हा कडा करडीचा. त्या जंगलातला उन्हाळा फार वाईट. घळीची सावली आणि झऱ्याचं पाणी नसतं, तर करडी कधीच मेली असती.

कड्यासमोर एक अर्जुनाचं झाड होतं. उंच, सरळ, पांढऱ्या गुळगुळीत सालीचं. त्याच्या वरच्या बेचक्यात बसलं की नदीचा उतार दिसायचा. उन्हाळ्यात नदी आटली की त्या उतारावरून कोळसुंदे यायचे. कोळसुंदे म्हणजे तांबडी रानकुत्री. ती टोळीनं येतात, शिट्ट्या घालत येतात, आणि परत जातात तेव्हा जंगलाची हजेरी कमी झालेली असते.

म्हणून त्या जंगलात एक रीत होती. तिला टांगणी म्हणत. मोहाची फुलं पडू लागली की वयात आलेल्या बिबट्यानं सगळ्यांसमोर आपली शिकार तोंडात धरायची, अर्जुनावर चढायचं आणि ती वरच्या बेचक्यात टांगायची. ज्याला हे जमलं, त्याला कडा. त्यानं उन्हाळाभर त्या बेचक्यात बसायचं, आणि कोळसुंदे दिसले की लाकडावर करवत चालवावी तसा आवाज द्यायचा. आवाज आला की सगळ्यांनी पळायचं.

करडीनं हे काम वर्षानुवर्षं केलं. तिच्या आवाजानं वाचलेली हरणं तिला भिऊन असत, पण उन्हाळ्यात झोपायला तिच्याच कड्याच्या आसपास येत.

आता ठिपकीची पाळी होती. तिला टांगणी जमली नाही तर कडा दुसऱ्या कोणाकडे जाणार, आणि करडीला म्हातारपणी उघड्या माळावर जावं लागणार. हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून दोघी त्याबद्दल बोलत नसत. ठिपकी रोज चढायची, रोज घसरायची, आणि करडी खालून म्हणायची, "नखं काय शोभेला दिलीत का गं देवानं?"

अशात लटक्या वानरानं पाटी आणली.

लटक्या अधूनमधून माणसांच्या वस्तीवर जाऊन यायचा, आणि रिकाम्या हातानं कधी यायचा नाही. आजवर त्यानं एक आरसा आणला होता, एक चप्पल आणली होती आणि कोणाच्या तरी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती. या वेळी चकाकती पाटी आणली. उन्हात ठेवली की ती जागी व्हायची. तिच्यात गेम होता. गेमचं नाव 'मोकळं रान'.

लटक्यानं पाटी अर्जुनापाशीच एका खडकावर मांडली, कारण तिथं ऊनही होतं आणि बघणाऱ्यांना सावलीही होती. सगळं जंगल गोळा झालं.

"काय आहे यात?" आप्पा गव्यानं विचारलं. आप्पा गवा जंगलाचा पंच होता. तो वजनामुळे पंच झाला होता, पण बहुतेक पंच तसेच होतात.

"रान आहे," लटक्या म्हणाला. "कुठंही जा, काहीही करा. नदी आहे, दरी आहे, झाडं आहेत."

"आणि आत्ता आपण कुठं आहोत रे?" करडीनं विचारलं.

"रानातच. पण मावशी, इथं काही अनलॉक होत नाही ना!"

मुलांनो, अनलॉक हा शब्द त्या जंगलात नवा होता. आधी कुलूपच नव्हतं, त्यामुळे शब्दाची गरज पडली नव्हती. पण एकदा शब्द आला, आणि आपल्याला काहीतरी बंद ठेवलंय असं सगळ्यांना वाटू लागलं.

गेमची गंमत अशी होती. सुरुवातीला सगळ्यांना ससा मिळायचा. पाटीवर वाघानं पंजा ठेवो की मुंगसानं, तो ससाच. त्या सशानं रानभर हिंडायचं, मोहाची फुलं गोळा करायची, खड्डे ओलांडायचे, हरवलेलं पाडस आईकडे पोचवायचं. मग मुंगूस अनलॉक व्हायचं. मुंगूस मिळालं की सशाला न शिरता येणाऱ्या बिळात शिरता यायचं. बिळाच्या तळाशी रानडुक्कर सापडायचं. रानडुकरानं करवंदीची जाळी फोडली की पलीकडे घार. आणि घारीनं दरी ओलांडली की सगळ्यांत शेवटी बिबट्या. वाटेवर दगडी चबुतरे होते. चबुतऱ्यावर उभं राहिलं की हातातलं पात्र ठेवून दुसरं घेता यायचं. आणि गेममध्येही एक अर्जुनाचं झाड होतं. त्यावर चढणं फक्त बिबट्याला जमायचं.

जंगल अगदी खुळावलं. आप्पा गव्याला मुंगूस फार आवडलं. एवढा देह जन्मभर वागवल्यावर बिळात शिरण्यात काय सुख असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. चितळाच्या एका पोरीनं रानडुक्कर घेतलं आणि दिवसभर झुडपं उपटू लागली. खऱ्या रानडुकरानं घार घेतली. तो वरून रान बघायचा आणि "काय शांतता आहे हो" म्हणत सुस्कारे टाकायचा. राजा वाघ मात्र ससाच राहिला. पुढचं काही अनलॉक करेना. "सशाकडे कोणी गाऱ्हाणी घेऊन येत नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा टुणकन उडाला.

पण खरा पटाईत निघाला कापश्या. कापश्या जातीचाच ससा. त्यामुळे सशाचा भाग त्यानं बघता बघता पार केला. बिबट्या सगळ्यांत आधी त्यानं अनलॉक केला.

त्या दिवसापासून कापश्याची चाल बदलली. तो खडकावर पाय लोंबकळत सोडून बसू लागला. चितळांकडे डोळे बारीक करून बघू लागला. आईनं कोवळ्या गवतावर बोलावलं तर म्हणायचा, "आई, मी गवत खात नाही." मग झुडपाआड जाऊन पोटभर खायचा.

ठिपकीनं पाटीला पंजा लावला तो एकदाच. ससा खड्ड्यात पडला. ती उठली आणि अर्जुनाकडे गेली, कारण मोहाची फुलं पडायला लागली होती.

टांगणीचा दिवस आला. ऊन मी म्हणत होतं. ठिपकी पहाटेच शिकार करून आली होती. शिकार कोणाची होती ते सांगत नाही, त्याचे नातेवाईक सभेला हजर होते.

आप्पा गवा खडकाजवळ बसला होता. तो म्हणाला, "हे बघा, एवढ्या उन्हात मान वर करून कोण बघत बसणार? टांगणी पाटीवर घेऊ. सगळ्यांना नीट दिसेल."

"वा! सोयीचं झालं!" सगळे म्हणाले.

"तर ठिपके," आप्पा म्हणाला, "तुझ्याकडे बिबट्या आहे का?"

ठिपकीनं तोंडातली शिकार खाली ठेवली. "मी बिबट्या आहे, आप्पा."

"ते झालं गं. पण तुझ्याकडे आहे का?"

लटक्यानं पाटीवर बोट फिरवून पाहिलं. "हिच्याकडे ससा आहे. तोही पहिल्या खड्ड्यात पडलेला."

जंगल खो खो हसलं. हरणं तर इतकी हसली, की त्यांच्यात एक जण कमी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"माझ्याकडे आहे!" कापश्या पुढे झाला. "आणि मी अर्जुनावर चढून दाखवतो."

करडी लेकीला एवढंच म्हणाली, "चढ तू."

ठिपकीनं शिकार उचलली. ती खऱ्या अर्जुनाला भिडली. आजवर ती कितीदा घसरली होती, पण त्या दिवशी तिची नखं सालीत अशी रुतली की सालीचे कपचे उडाले. मानेवर आपल्याएवढं ओझं घेऊन ती चढली. वरच्या बेचक्यात तिनं शिकार टांगली आणि धापा टाकत खाली पाहिलं.

खाली सगळ्यांची डोकी पाटीवर होती. पाटीवर कापश्याचा बिबट्या चढत होता. त्याच्या भोवती सोनेरी प्रकाश होता आणि मागे ढोल वाजत होते.

वरून शिकारीच्या रक्ताचा एक थेंब पाटीवर पडला. लटक्यानं तो शेपटीनं पुसला. "वर काय चाललंय ते जरा सांभाळून करा," तो म्हणाला. "पाटी खराब होते."

कडा कापश्याला मिळाला.

आप्पा गवा निर्दय नव्हता. तो ठिपकीला म्हणाला, "पुढच्या मोहापर्यंत तू बिबट्या अनलॉक कर. केलास तर कडा परत तुझा. तोवर तुम्ही मायलेकी कापश्याच्या पाहुण्या म्हणून राहा. नाहीच जमलं, तर मग माळ आहेच."

करडी म्हणाली, "आपण आत्ताच जाऊ माळावर."

पण ठिपकीला आईचा पाण्यानं भरलेला डोळा दिसत होता. वैशाखातल्या माळावर ही किती दिवस काढेल? ठिपकीला रडू आलं. मग तिनं पंजा पुसला आणि तो पाटीवर ठेवला. हे तिनं स्वतःसाठी केलं नाही, एवढं लक्षात असू द्या. तुम्ही दिवसभर बोटं घासता तेव्हा तुमच्या आईचा कोणताही डोळा वाचत नसतो.

आता कड्यावर असा संसार सुरू झाला. घळीत मधोमध कापश्या झोपायचा, आणि दाराशी दोन बिबटे. "रात्री उगाच गुरगुरू नका हो," कापश्या सांगायचा. "मला दचकायला होतं." तसा तो वाईट नव्हता. सकाळी ठिपकीला शेजारी बसवून शिकवायचा.

"तायडे, आधी थांब. मग उडी. मग डावीकडं. अगं, एवढा आवेश कशाला? ससा आवेशानं पळत नाही, भीतीनं पळतो."

"मला भीती नाही वाटत."

"म्हणून तर पडतेस. बिबट्या होणं सोपं नाही, तायडे. आधी नीट ससा व्हावं लागतं. मला विचार."

ठिपकी शिकू लागली. पण तिचा पंजा मोठा. नखं पाटीवर घासली की कर्र कर्र आवाज यायचा आणि ओरखडे उठायचे. लटक्या ओरडायचा. रांगेतले बाकीचे ओरडायचे. शेवटी ठिपकी झऱ्याकाठच्या दगडावर बसून नखं घासू लागली. रोज थोडी थोडी. पार बोथट झाली, तेव्हा ओरखडे उठायचे थांबले. लटक्या म्हणाला, "आता कशी शहाण्यासारखी खेळतेस!"

पावसाळा गेला, थंडी गेली. ठिपकीनं मुंगूस अनलॉक केलं, रानडुक्कर केलं. पण हर टप्प्यावर मधेच ससा घ्यावा लागायचा, कारण बारीकसारीक कामं सगळी सशाचीच. दिवसभर ती लपायची, थबकायची, वाकडीतिकडी पळायची. एकदा ती झऱ्यावर पाणी पीत असताना वरून घारीची सावली गेली. ठिपकी चटकन जमिनीला चिकटली. कान मागे, डोळे मोठे, श्वास बंद.

करडीनं ते पाहिलं. ती उठून लेकीला चाटू लागली, आणि घारीची सावली गेली तरी चाटतच राहिली.

पुन्हा मोह फुलला, आणि बिबट्या अनलॉक झाला!

काय सांगू तुम्हाला, सगळ्या जंगलानं आनंद केला. मोरांनी नाच केला. कापश्याच्या आईनं ठिपकीला गवताची जुडी दिली. कापश्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "माझी विद्यार्थिनी बिबट्या झाली," तो ज्याला त्याला सांगत सुटला. मनातून तो सुटलाही होता. वर्षभर दोन बिबट्यांबरोबर घळीत झोपून त्याचं वजन निम्मं झालं होतं.

टांगणीला सगळे अर्जुनाखाली जमले. ठिपकी पाटीपुढे बसली. तिच्या बिबट्यानं शिकार उचलली. प्रकाश पडला, ढोल वाजले, बिबट्या बेचक्यात पोचला. गेममध्ये तिथून नदीचा उतार दिसला, आणि उतारावर गेममधले कोळसुंदे दिसले. कारण शेवटचं मिशन तेच होतं.

"काय खरं वाटतं हो!" चितळाची पोर म्हणाली.

खऱ्या अर्जुनावर गेल्या उन्हाळ्यापासून कोणी बसलंच नव्हतं; तेव्हा कोळसुंदे फिरकले नाहीत म्हणून निभावलं. कडा कापश्याचा होता, आणि कापश्या आपलं राखणीचं काम पाटीवर चोख करत होता.

करडीला पाटी बघवेना. तिनं नदीकडे तोंड केलं होतं. वारा फिरला, आणि तिच्या नाकाला वास आला. म्हातारी उठली. ती अर्जुनावर कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक. अर्ध्यावर लटकून तिनं आवाज दिला. लाकडावर जुनी करवत चालावी तसा.

खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. "या मिशनचा आवाज फार छान आहे," आप्पा गवा म्हणाला. "लटक्या, थोडा वाढव."

मग शिट्टी वाजली. ती पाटीतून आली नव्हती, कारण ती मागून आली. सगळ्यांनी वळून पाहिलं. तांबड्या कुत्र्यांची टोळी करवंदीपाशी उभी होती, जिभा बाहेर काढून.

मुलांनो, पुढचं सांगताना मला हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. एवढा मोठा आप्पा गवा. त्यानं नुसती शिंगं रोखली असती तरी निम्मी कुत्री पळाली असती. त्यानं मुंगसाच्या बिळात डोकं घातलं. ते अडकलं. रानडुक्कर दरीच्या काठावर जाऊन पुढचे पाय फडफडवू लागला. चितळाची पोर सालईच्या झाडाला धडका देत राहिली. ते झाड काही पडेना. जंगलचा राजा वाघ टुणटुण उड्या मारत झाडीत नाहीसा झाला.

ठिपकी अर्जुनाकडे धावली. आई वर लटकत होती, हाका मारत होती. ठिपकीनं झेप घेतली, पंजे खोडाला लावले, आणि पांढऱ्या सालीवरून खाली आली. पुन्हा झेप घेतली. पुन्हा खाली. नखं नव्हतीच. तेव्हा तिनं तिला येत होतं ते केलं. ती वाकडीतिकडी पळाली, करवंदीत घुसली आणि श्वास बंद करून पडून राहिली.

कोळसुंदे त्या दिवशी कितीतरी जणांना खाऊ शकले असते. पण पळापळीत पाटी उताणी पडली होती, गेम पहिल्यापासून सुरू झाला होता, आणि पाटीत एक ससा एकटाच उभा होता. टोळीचा नायक तांबू. त्यानं सशावर पंजा मारला. ससा उडाला.

"हा उडाला!" तांबू म्हणाला.

"मी बघू?" दुसरा म्हणाला.

"थांब रे. आधी माझं होऊ दे."

कोळसुंदे भुकेले होते. पण पाटी हातात आली की भुकेचं काय होतं, ते तुमच्या आयांना विचारा. त्यांची ताटं निवत असतात. उन्हं उतरली तेव्हा कोळसुंद्यांनी पाटी तोंडात धरली आणि नदीच्या उतारावर नेली. जंगलातलं एकही जनावर त्या दिवशी मेलं नाही.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. जनावरं शहाणी झाली. छे! जनावरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरवली आणि पाटी गेली म्हणून ऊर बडवून रडली. कोळसुंदे येऊन गेले, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

लटक्या नदीवर जाऊन चौकशी करून आला. "खेळायला देतात," तो म्हणाला. "चांगले आहेत स्वभावानं. त्यांना खड्डे ओलांडता येत नाहीत, म्हणून येणाऱ्याला आग्रहानं बसवून घेतात. त्यांना कोळसुंदा अनलॉक करायचाय."

मग उतारापर्यंत रांग लागली. लटक्या उतारावरच्या जांभळीच्या उंच फांदीवर बसून नंबर पुकारू लागला. एकेक जण जांभळीपलीकडे जायचा, पाटीपुढे बसायचा, कोळसुंद्यांना एखादा खड्डा पार करून द्यायचा. कोळसुंदे शेपट्या हलवून वाहवा करायचे. पाहुणचाराला ते फार पक्के. जेवणाची वेळ झाली की पाहुण्याला सोडत नसत.

जांभळीच्या गर्द पाल्यामुळे रांगेतल्यांना पलीकडचं दिसायचं नाही. गेलेला परत का येत नाही, हे कोणी विचारलं नाही. तो अजून खेळतोय असं वाटून उलट सगळे त्याच्यावर जळायचे. रांग दिवसेंदिवस आखूड होत होती, आणि नंबर लवकर लागतो म्हणून सगळे खूश होते.

इकडे कडा आता कोणाचा, हे विचारायला कोणी उरलं नव्हतं. करडी आणि ठिपकी घळीत परत गेल्या होत्या. ठिपकी आईपुढे मान वर करत नव्हती.

"मी पळाले, आई. तू वर होतीस आणि मी पळाले."

"पळालीस म्हणून आहेस," करडी म्हणाली. "आता नखं वाढव."

नखं वाढायला वेळ लागतो. तोवर ठिपकी नुसती खोडाशी जाऊन उभी राहायची, सालीला गाल लावून. मग एक दिवस नखं रुतली. ती बेचक्यापर्यंत गेली. तिथून तिला नदी दिसली, रांग दिसली, आणि जांभळीपलीकडचं सगळं दिसलं.

तिनं करवतीसारखा आवाज दिला. अख्खं रान दणाणलं.

रांगेनं वर पाहिलं. "आवाज कमी करा!" चितळाची पोर ओरडली. "इथं लक्ष लागत नाही!"

ठिपकी पुन्हा ओरडली. लटक्यानं जांभळीवरून हात जोडले. "ताई, नंबर हवा असेल तर खाली या. वशिला चालणार नाही."

रांगेत पुढून दुसरा कापश्या होता. कान ताठ करून, पाय आपटत. त्याच्यापुढे फक्त रानडुक्कर.

ठिपकी सरसर उतरली. ती रांगेपाशी गेली आणि काही न बोलता तिनं कापश्याची मानगूट दातात धरली.

"तायडे! अगं तायडे, सोड!" कापश्या तंगड्या झाडू लागला. "माझा नंबर जाईल! तुला मी शिकवलं, आणि तू माझा नंबर घालवतेस? दात लागतायत गं!"

ठिपकी त्याला घेऊन अर्जुनावर चढली. पांढऱ्या सालीवर नव्या नखांच्या खुणा उठल्या. वरच्या बेचक्यात तिनं त्याला अलगद टांगलं.

"इथं तर मी आलोय," कापश्या तोऱ्यात म्हणाला. "किती वेळा आलोय मी इथं." आणि मग त्यानं नदीकडे पाहिलं.

पलीकडे रानडुक्कर पाटीपुढे बसला होता. त्यानं खड्डा पार केला. कोळसुंद्यांनी वाहवा केली. मग तांबू उठून उभा राहिला, आळस दिला, आणि जेवणाची वेळ झाली.

कापश्याचे कान हळूहळू खाली आले.

"तायडे," शेवटी तो म्हणाला, "रानडुक्कर आता परत कुठून सुरू करेल?"

"नाही करणार."

"मागच्या चबुतऱ्यापासून?"

"नाही रे."

कापश्या फांदीला घट्ट चिकटला. बिबट्या म्हणून तो या झाडावर कितीदा चढला होता, पण झाडाची साल एवढी गार असते हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हुंदके देऊ लागला, आणि ठिपकीनं त्याच्यावर पंजा ठेवला.

खालून करडीनं हाक मारली. तिला वरचं धड दिसत नव्हतं. "ठिपके, टांगलंस का गं?"

"टांगलं, आई."

"मग कडा तुझा," करडी म्हणाली, आणि आत जाऊन झोपली. कितीतरी दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली.

वर कापश्यानं डोळे पुसले. मग तो आपल्या चिरक्या आवाजात, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडू लागला. "पळा रे! पळा! तिकडं जाऊ नका! आई गं, तू तरी पळ!"

त्याची आई तेवढी रांगेतून बाहेर पडली. पोरगा उपाशी असला की असाच ओरडतो, असं तिला वाटलं. ती गवत घेऊन अर्जुनाकडे आली.

बाकीच्यांनी वर पाहून नाकं मुरडली. "नंबर गेला म्हणून बोंबलतोय," चितळाची पोर म्हणाली. जांभळीवरून लटक्यानं पुढचा नंबर पुकारला, आणि सगळे एकेक पाऊल पुढे सरकले.

तात्पर्य : रांगेत उभं असताना झाडावर कोण ओरडतंय तिकडे लक्ष देऊ नये. नंबर जातो.